सहा सॅक झाले, पण फुली कुणाच्या रकान्यात? (सुपर बाऊल ५९, चीफ्सची ऑफेन्सिव्ह लाइन)

ओव्हरलँडकर (१० फेब्रुवारी २०२५)

कालचा सुपर बाऊल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, पाहिलेल्या सगळ्यांनी इथे या. फिलाडेल्फियाचे ईगल्स ४०, आमचे कॅन्सस सिटीचे चीफ्स २२. नुसता स्कोअर वाचून कुणाला वाटेल बरी लढत झाली, म्हणून सांगतो: तिसऱ्या क्वार्टरमध्ये एका वेळी ३४-० होतं. पहिल्या हाफमध्ये आमच्या ऑफेन्सने एकूण २३ यार्ड केले आणि फर्स्ट डाउन (दहा यार्ड पुढे गेल्यावर मिळणारी नवी संधी) मिळाला फक्त एक. आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या महोम्सला, बॉल हातात असताना सहा वेळा पाडलं, म्हणजे सहा सॅक. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत एका सामन्यात एवढ्यांदा त्याला कुणी पाडलेलं नव्हतं.

कॅन्सस सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्कला मी चौदा वर्षं राहतोय. २०१२ साली १६ पैकी २ सामने जिंकणारा संघ मी थंडीत कुडकुडत पाहिलाय, त्यामुळे हरण्याचं दुःख मला नवीन नाही. पण आज ऑफिसात जो तो एकच वाक्य बोलत होता, "लाइनने माती केली." मला ते अर्धंच पटलं. म्हणून संध्याकाळी सामना परत लावला. या वेळी बॉलकडे बघायचंच नाही, फक्त महोम्सच्या पुढ्यात भिंत धरणाऱ्या लाइनमधल्या पाच जणांकडे बघायचं असं ठरवून. मुलीची जुनी गणिताची वही घेतली, पानावर पाच रकाने आखले: टूनी (लेफ्ट टॅकल), कॅलिएंडो (लेफ्ट गार्ड), हम्फ्री (सेंटर), स्मिथ (राइट गार्ड), टेलर (राइट टॅकल). प्रत्येक पासच्या वेळी ज्याचं काम नीट झालं त्याला बरोबरची खूण, चुकलं त्याला फुली.

दुसऱ्या क्वार्टरला पोचलो आणि पेन थांबलं. सेंटर उजवीकडे मदतीला वळलाय, लेफ्ट गार्ड एकटा पडलाय, त्याच्या आणि सेंटरच्या मधून माणूस आत शिरतोय. फुली कुणाला? गार्डला, कारण माणूस त्याचा होता? सेंटरला, कारण तो भलतीकडे वळला? की ज्याने ही रचना सांगितली त्या कोचला? आणि महोम्स अजून बॉल हातात धरून उभा असेल तर?

माझा प्रश्न सरळ आहे. सामना संपल्यावर लाइनचा खेळ तुम्ही कसा जोखता?

फिलीची_माहेरवाशीण

सर्वप्रथम, गो बर्ड्स! काल रात्री आमच्या गल्लीत लोक पातेली बडवत होते आणि त्यात मीही होते.

तुमच्या प्रश्नात मला एक आकडा घालायचाय. आमच्या डिफेन्सचा कोच व्हिक फँजिओ, त्याने काल एकदाही ब्लिट्झ केलं नाही, म्हणजे क्वार्टरबॅकवर चारपेक्षा जास्त माणसं पाठवली नाहीत. महोम्स ४२ वेळा पास टाकायला मागे गेला आणि ४२ पैकी ४२ वेळा आमचे चारच जण आत घुसायला गेले, बाकीचे सात मागे पास अडवायला. म्हणजे तुमचे पाच विरुद्ध आमचे चार. एक माणूस जास्त असूनही सहा सॅक. यात लाइनला दोष द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा?

कोथरूडकरीण

धाग्याचं नाव वाचून आले. माझा मुलगा तिकडे शिकायला गेल्यापासून दर रविवारी हेच बघतो आणि मला फोनवर सांगतो. मी "हो का, बरं" म्हणते आणि मला काही कळत नाही. हे पाच जण नक्की करतात काय? यांच्या हातात बॉल येतच नाही, मग चांगला-वाईट कसं ठरवायचं? कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

सांगलीकर

ताई, मी प्रयत्न करतो. मी सांगलीचा, कबड्डीवर वाढलेला, तेव्हा तिथूनच सांगतो.

बॉल फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड माणसं ओळीने उभी असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळवून देणं हे त्यांचं काम. आपल्या कबड्डीतली साखळी आठवा. एकाने हात सोडला की शेजारचा कितीही ताकदीचा असो, चढाईवाला तिथून निसटतो. इथंही तसंच आहे. पाच जण मिळून एक भिंत आहे, पाच सुट्या विटा नाहीत.

टोकाचा टॅकल म्हणजे आपला कोपरारक्षक. त्याच्या एका बाजूला सोबती असतो, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. गार्डला दोन्हीकडून शेजार. त्यातही क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर तो फेकायला वळतो तेव्हा डावीकडची बाजू त्याच्या पाठीमागे जाते. म्हणून लेफ्ट टॅकलला एवढा मान आणि एवढा पैसा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. कबड्डीत पकड हेच सगळं. इथं समोरच्याला पकडून ठेवलं तर होल्डिंगचा फाउल आणि १० यार्ड मागे. तळहात समोरच्याच्या छातीवर, कोपरं आत, आणि पाय सतत हलते. पायांनी अडवायचं असतं. हे मला मुलामुळे कळलं, तो हायस्कूलच्या टीममध्ये लेफ्ट गार्ड आहे. त्याबद्दल नंतर सविस्तर लिहितो.

कोथरूडकरीण

सांगलीकर, किती छान सांगितलंत! आता मुलाला विचारते, "तुझ्या टीमचा लेफ्ट टॅकल कोण?" दचकेल.

रानवारा

प्रश्न मोजण्याचा आहे म्हणून लिहितो.

सॅक हे लाइनचं माप नव्हे. सॅक ही शेवटची घटना आहे, तिच्याआधी तीन-चार गोष्टी घडून गेलेल्या असतात. ईएसपीएन या क्रीडा चॅनेलचं पास ब्लॉक विन रेट हे माप घ्या. समोरच्याला अडीच सेकंद किंवा जास्त रोखलंत की तुम्ही जिंकलात. त्यापुढे क्वार्टरबॅकने बॉल धरून ठेवला तर ते लाइनमनच्या खात्यावर पडत नाही. पीएफएफ ही खेळाडूंना ग्रेड देणारी कंपनी, ते प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेसाठी उणे २ ते अधिक २ असे गुण देतात आणि त्यावरून १०० पैकी ग्रेड काढतात. दोन्ही पद्धतींत माणूस सुटा काढून बघण्याचा प्रयत्न आहे.

कालच्या सामन्यात ४२ पैकी १६ ड्रॉपबॅकना (पास टाकायला मागे जाणं म्हणजे ड्रॉपबॅक) क्वार्टरबॅकवर प्रेशर आलं, म्हणजे ३८ टक्के. चारच जण येत असताना हे फार आहे. तेव्हा फिलीच्या ताईंचं बरोबर आहे, लाइन हरली. पण सहा सॅक आणि सोळा प्रेशर हे दोन वेगळे आकडे आहेत आणि लाइनसाठी मी दुसरा वापरेन.

डबलगुल

मी बोस्टनचा, पेट्रियट्सवाला. चीफ्स हरले याचं मला दुःख नाही, पण जो टूनीबद्दल कालपासून जे बोललं जातंय त्याचं आहे.

हा माणूस आमच्याकडे २०१६ ते २०२० होता. आमच्याकडे दोन सुपर बाऊल जिंकला, तुमच्याकडे येऊन अजून दोन. लेफ्ट गार्ड म्हणून आज लीगमध्ये त्याच्या तोडीचे एका हाताच्या बोटांवर मोजावेत. या मोसमात तुमच्याकडे लेफ्ट टॅकल नीट सापडेना. आधी नवखा सुआमाटाया, मग वान्या मॉरिस, मग डी. जे. हम्फ्रीज, तोही लगेच जखमी. शेवटी डिसेंबरमध्ये टूनीला गार्डवरून उचलून टॅकलला उभा केला. त्याने तक्रार केली नाही, उभा राहिला, आणि संघ फायनलला गेला.

पण टॅकलला लांब हात लागतात, मोकळ्या रानात मागे सरकत जाणारे पाय लागतात. टूनीची सगळी ताकद अरुंद जागेत आहे. काल ईगल्सच्या स्वेटसारखा लांब हातांचा माणूस त्याच्या बाहेरून वळसा घालत होता तेव्हा तो पोचतच नव्हता.

आणि याहून वाईट म्हणजे एका बदलात दोन जागा कमकुवत झाल्या. लीगमधला उत्तम गार्ड गेला आणि त्याच्या जागी कॅलिएंडो आला. एका खिशाचं भोक शिवायला दुसऱ्या खिशाचं कापड काढलं. ओव्हरलँडकर, तुमच्या वहीतली फुली टूनीच्या रकान्यात पडली असेल तर ती मला मान्य नाही. ती ज्याने लेफ्ट टॅकलची जागा दोन वर्षं कच्ची ठेवली त्याच्या नावावर हवी.

आमरस

+१. आधीचा लेफ्ट टॅकल ऑर्लंडो ब्राउन गेल्यापासून तिथे दर वर्षी नवा भाडेकरू आहे.

फिलीची_माहेरवाशीण

डबलगुल, टूनीबद्दल तुमचं पटलं. पण आमच्या पोरांचं श्रेय तेवढ्याने कमी होत नाही. सॅकची यादी बघा: जॉश स्वेट अडीच, मिल्टन विल्यम्स दोन, जॉर्डन डेव्हिस एक, जेलिक्स हंट अर्धा. या यादीत आमचा जेलन कार्टर कुठे आहे? कुठेच नाही. तरी माझ्या मते काल सामना त्याने फिरवला. चीफ्सना त्याची एवढी धास्ती होती की त्याच्यावर दोन-दोन माणसं घालावी लागली. ओव्हरलँडकरांचा सेंटर त्या प्लेला उजवीकडे का वळला होता? बघा परत, कार्टर कुठे उभा होता ते.

पाचातले दोन एकावर गेले की उरले तीन विरुद्ध तीन. मग पाचाला चार हा हिशेबच उरत नाही.

ओव्हरलँडकर

ताई, परत बघितलं. तुमचं खरं आहे. कार्टर तिथेच होता. मी दहा वेळा तो प्ले पाहिला असेन, पण डोळे आत घुसणाऱ्या माणसावर होते, ज्याला अडवलं त्याच्याकडे लक्षच गेलं नाही.

चौथा_डाउन

सगळे महोम्सला वाचवताय असं वाटतं म्हणून जरा कडक लिहितो.

टॅकल मागे सरकतो तेव्हा तो डोक्यात एक जागा धरून सरकतो: माझा क्वार्टरबॅक माझ्या मागे अमुक एवढ्या यार्डांवर उभा असणार. त्या जागेला वळसा पडेल असा तो समोरच्याला बाहेरून ढकलत नेतो. आता क्वार्टरबॅक त्याहून दोन-तीन यार्ड मागे सरकला तर? टॅकलने ज्याला नीट बाहेर काढून दिलं, तोच माणूस फिरून थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर. टॅकलची पाठ तिकडे, त्याला कळतही नाही. महोम्सला ही सवय पहिल्यापासून आहे. तो मागे सरकतो, बाजूला पळतो, आणि बहुतेक वेळा त्यातून जादू करतो म्हणून आपण टाळ्या वाजवतो. काल जादू झाली नाही.

दुसऱ्या क्वार्टरमधली सलग दोन सॅक आठवा. तिथून थर्ड अँड १६ (तिसरा प्रयत्न, १६ यार्ड बाकी), आणि मग तो पास, जो ईगल्सच्या कूपर डीजीनने मधेच उचलला आणि ३८ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. बावीसाव्या वाढदिवसाला, पोराचं नशीब बघा! तो पास टाकायलाच नको होता. तिथे लाइनचा काय संबंध?

आमरस

ईगल्सच्या बार्कलीचाही वाढदिवस त्याच दिवशी. अठ्ठावीस पूर्ण.

रानवारा

चौथा_डाउन, लाइनचा संबंध आहे तो असा. थर्ड अँड १६ कशामुळे आला? आधीच्या दोन सॅकमुळे. आणि ज्या क्वार्टरबॅकला दोनदा आपटलंय त्याचे डोळे तिसऱ्या वेळी पास झेलणाऱ्या रिसीव्हरकडे नसतात, समोरच्या गर्दीकडे असतात. हे कुठल्याही टक्केवारीत येत नाही, पण आहे.

तुमचं मागे सरकण्याचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य.

जुना_खेळाडू (११ फेब्रुवारी)

धागा आत्ता सापडला. सुपर बाऊल ५५ कुणीच कसा आठवला नाही?

फेब्रुवारी २०२१, टँपा बे ३१, चीफ्स ९. एकही टचडाउन नाही. त्या दिवशी चीफ्सच्या लाइनचे मूळ दोन्ही टॅकल नव्हते. लेफ्टचा एरिक फिशर दोन आठवडे आधी बिल्सविरुद्ध टाचेचा अकिलीस टेंडन तुटून बसला होता, राइटचा मिचेल श्वॉर्ट्झ पाठीच्या दुखण्याने मोसमाच्या मध्यापासून बाहेर. राइट गार्ड डुव्हर्ने-टार्डिफ मूळचा डॉक्टर. त्याने कोविडच्या साथीत अख्खा मोसम सोडला आणि माँट्रियलकडे वृद्धांची सेवा करायला गेला. त्या माणसाबद्दल मला कायम आदर वाटत आलाय. तर, टॅकल रेमर्सला उजवीकडून डावीकडे टाकला, गार्ड वायलीला टॅकल केला. म्हणजे परवा टूनीचं जे झालं तेच, फक्त जास्त घाईत.

आता आकडे शेजारी ठेवा. तेव्हा महोम्सवर ५६ ड्रॉपबॅकमध्ये २९ वेळा प्रेशर आलं, सुपर बाऊलचा विक्रम. सॅक किती? तीन. परवा प्रेशर १६, सॅक सहा. म्हणजे नुसते सॅक मोजले तर २०२१ ची लाइन परवाच्यापेक्षा दुप्पट चांगली! ज्याने तो सामना पाहिलाय त्याला हे ऐकवणारही नाही. त्या दिवशी बॉल टाकण्याआधी किंवा पाडलं जाण्याआधी महोम्स मागेपुढे मिळून ४९७ यार्ड पळाला होता. सॅक कमी होते कारण तो जिवाच्या आकांताने पळत होता.

आणि त्या दिवशीही टँपाच्या डिफेन्सचा कोच टॉड बोल्सने फारसं ब्लिट्झ केलं नव्हतं. चारात काम भागत असेल तर पाचवा कशाला पाठवायचा? चीफ्सला हरवायची ही रीत तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. असे चार जण मात्र सगळ्यांकडे नसतात.

ओव्हरलँडकर

जुना_खेळाडू, तुम्ही ५५ आठवलात, मला ५७ आठवतोय. ५५ नंतर आमच्या लोकांनी एका उन्हाळ्यात अख्खी लाइन बदलली. टूनीला आणला, ऑर्लंडो ब्राउनला ट्रेड करून आणला, ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या फेरीत हम्फ्री आणि सहाव्या फेरीत, २२६ व्या नंबरला, ट्रे स्मिथ. दोन वर्षांनी त्याच ईगल्सशी फायनल. त्यांनी त्या मोसमात ७० सॅक केले होते. फायनलला शून्य! ३८-३५ ने जिंकलो. त्या शून्याच्या दिवशी राइट टॅकलला कोण होता माहीत आहे? तोच वायली, जो ५५ मध्ये होता.

माणूस तोच, निकाल दोन टोकांचे. शेजारी बदलले होते.

चौथा_डाउन

५७ च्या दिवशी अ‍ॅरिझोनातलं गवत इतकं निसरडं होतं की दोन्हीकडचे सारखे घसरत होते. घसरणाऱ्या जमिनीवर धाव घेणाऱ्याचं जास्त नुकसान होतं, मागे सरकणाऱ्याचं कमी. ते शून्यसुद्धा निव्वळ लाइनचं नव्हतं.

ओव्हरलँडकर

हे मात्र मी कधी धरलंच नव्हतं. मान्य.

सांगलीकर (१२ फेब्रुवारी)

काल सवड झाली नाही. मुलाबद्दल लिहितो म्हणालो होतो.

मोसमात दर शनिवारी सकाळी त्यांच्या कोचकडे आदल्या सामन्याची फिल्म बघायची असते. पालकांना यायला परवानगी नसते, पण एकदा गाडी बंद पडलेल्या एका मुलाला सोडायला गेलो तेव्हा बाहेर बर्फ पडत होता म्हणून कोच म्हणाले, मागे बसा. तो तास मी विसरणार नाही.

आदल्या रात्री आम्ही सहज जिंकलो होतो. पडद्यावर आमचा टचडाउन सुरू झाला. माझ्या पोराच्या जागेवरून वाट फुटली होती आणि बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक तिथूनच गेला होता. मी खुर्चीत ताठ झालो. कोचनी फिल्म थांबवली आणि पोराला विचारलं, "पहिलं पाऊल कुठे पडलं?" तो गप्प. कोचनी परत लावली, एकेक फ्रेम. पाऊल वीतभर जास्त बाहेर पडलं होतं. कंबर उंच, वजन टाचेवर. समोरचा पोरगा पाय अडखळून पडला म्हणून वाट मिळाली. उणे.

मग एक सॅक आला. आमच्या क्वार्टरबॅकला उताणा पाडलेला. पोराचा चेहरा पडला, कारण पाडणारा त्याच्याच बाजूने आलेला. कोच म्हणाले, "तुला अधिक." कारण त्या प्लेला समोरच्या दोघांनी कैची मारली होती: एक आत घुसून गार्डला ओढतो, दुसरा त्याच्या पाठीमागून वळून येतो. माझ्या पोराने आपला माणूस शेजाऱ्याकडे सोपवून येणाऱ्याला घ्यायला बरोबर पाऊल टाकलं होतं. शेजाऱ्याने सोपवलेला माणूस घेतलाच नाही.

त्यांचा कोच प्रत्येक प्लेला तीन गोष्टी बघतो. कुणाला अडवायचं हे बरोबर ओळखलं का? पाय आणि हात बरोबर होते का? शिट्टीपर्यंत सोडलं नाही ना? बॉलचं पुढे काय झालं हे त्यात येतच नाही. परतताना गाडीत पोरगा म्हणाला, "बाबा, टचडाउनला उणे मिळतं हे आजीला सांगू नका." मी नाही सांगितलं.

ओव्हरलँडकर, तुमच्या वहीत अडचण ही आहे की कुणाला काय काम दिलं होतं ते आपल्याला घरी बसून कळत नाही. कोचला कळतं.

कोथरूडकरीण

सांगलीकर, डोळ्यांत पाणी आलं. आजीला सांगू नका!

डबलगुल

इतकं वाचून झाल्यावर वाटतं, काल टीव्हीवर तासभर बडबडणाऱ्यांनी हा एक प्रतिसाद वाचायला हवा.

फिलीची_माहेरवाशीण

आता माझी पाळी. सगळे चीफ्सच्या लाइनवर बोलताय, आमच्या लाइनचंही माप घ्या की. मोसमात २००५ यार्ड पळालेला सेक्वॉन बार्कली फायनलला २५ वेळा पळून ५७ यार्ड. म्हणजे आमची लाइन हरली का?

मी म्हणते मुळीच नाही. चीफ्सनी ठरवूनच माणसं पुढे आणून ठेवली होती, काही झालं तरी बार्कलीला पळू द्यायचं नाही. मग मागे जागा झाली. आमचा क्वार्टरबॅक हर्ट्स, त्याने २२ पैकी १७ पास पूर्ण केले, २२१ यार्ड, आणि स्वतः ७२ यार्ड पळाला, सुपर बाऊलमध्ये कुठल्याही क्वार्टरबॅकपेक्षा जास्त. त्याला तेवढा वेळ आणि तेवढ्या वाटा दिल्या कुणी?

आणि माणसं बघा. लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा, सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा. २०१८ ला सातव्या फेरीत घेतला तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एक सामनाही खेळलेला नव्हता. जेफ स्टाउटलंड नावाच्या कोचने त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं. राइट गार्ड मेकाय बेक्टन न्यूयॉर्क जेट्सचा टॅकल होता, पहिल्या फेरीतला, दुखापतींनी कारकीर्द संपल्यात जमा. इथे त्याला आत गार्डला आणला आणि तो फुलला.

डबलगुलनी टूनीचं सांगितलं तेव्हापासून हे माझ्या मनात घोळतंय. एकाच मैदानात एक गार्ड टॅकल केलेला आणि एक टॅकल गार्ड केलेला. टॅकलला आत आणलं तर त्याला शेजार मिळतो. गार्डला बाहेर काढलं तर त्याचा शेजार जातो.

रानवारा

हा धाग्यातला सर्वात चांगला प्रतिसाद. बाकी चीफ्सनी ११ वेळाच बॉल पळवला, ४९ यार्ड. मागे पडले म्हणून फेकत राहिले हे खरं, पण समोरच्याला पळण्याची भीतीच उरली नाही की तो बिनधास्त क्वार्टरबॅकवर जातो. लाइनमनला पुढे जाऊन धक्का द्यायला मिळतच नाही, सारखं मागे सरकत मार खायचा.

आमरस

माझ्याकडे त्या दिवशी पंचवीस माणसं आणि बटाटेवडे होते. दुसरा घाणा तळून बाहेर आले तर १७-०. तिसरा काढून आले तर २४-०. नवरा चीफ्सवाला, म्हणाला, "तू परत आत जाऊ नकोस."

फिलीची_माहेरवाशीण

आमरस, पुढच्या वर्षी आमच्याकडून वड्यांचा खर्च!

डबलगुल (६ मार्च)

धागा वर काढतोय. टूनीला चीफ्सनी शिकागो बेअर्सना दिला. बदल्यात २०२६ च्या ड्राफ्टमधला चौथ्या फेरीतला पिक (निवडीचा हक्क). चार वर्षं डावी बाजू सांभाळलेला माणूस, आणि शेवटचा सामना त्याच्या नसलेल्या जागेवर. शिकागोत त्याला गार्डलाच ठेवतील अशी आशा करतो.

चौथा_डाउन

पैशाचा हिशेब आहे. ट्रे स्मिथला टॅग लावलाय (म्हणजे मोठ्या पगारावर एक वर्ष राखून ठेवलाय), दोन्ही गार्डना एवढे पैसे देणं जमणार नव्हतं. पण वाईट मलाही वाटलं.

ओव्हरलँडकर (२५ एप्रिल)

काल रात्री ड्राफ्टची पहिली फेरी झाली. ३२ व्या नंबरला आम्ही ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स घेतला. ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचा टेंडन फाटला म्हणून एवढा खाली आला, नाहीतर आमच्या हाती लागला नसता. लेफ्ट टॅकलचं घर पक्कं बांधायचं ठरवलेलं दिसतंय. नव्याने मांडलेली ओळ नीट बसेपर्यंत वेळ जाईल, सांगलीकरांच्या साखळीसारखंच.

मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हा सगळ्यांचं वाचून मी गेल्या महिन्यात फायनल तिसऱ्यांदा पाहिली. वहीत नवीन पान, आणि या वेळी आधी सहावा रकाना आखला: "मदत कुणाला?" प्रत्येक प्लेला पहिल्यांदा तो भरायचा, दोन माणसं कुणावर गेली आणि एकटा कोण उरला. मग क्वार्टरबॅक किती मागे सरकला ते. फुली सगळ्यात शेवटी. एका क्वार्टरला अख्खी संध्याकाळ गेली. फुल्या निम्म्याहून कमी राहिल्या आणि ज्या राहिल्या त्यांची मला खात्री आहे. टूनीच्या रकान्यातल्याही काही राहिल्याच, डबलगुल. त्या मी खोडल्या नाहीत.

डबलगुल

खोडू नका. प्रामाणिकपणे पडलेली फुली मला चालते.

सांगलीकर

इथे एक बातमी सांगतो. आमच्या पोराला कोचनी बोलावून सांगितलं, वरचा लेफ्ट टॅकल कॉलेजला चाललाय, या वर्षी तू बाहेर उभा राहायचंस. घरी आल्यापासून अंगणात मागे सरकायचा सराव चाललाय. माझी उंची मोजून झाली, त्याची मोजून झाली, हातांची लांबी आईकडून शिवणाच्या टेपने मोजून घेतली. डबलगुल, त्याला कुणाच्या फिल्म दाखवू?

डबलगुल

काका, मायलाटा आणि ईगल्सचाच राइट टॅकल लेन जॉन्सन यांच्या दाखवा, पाय बघायला सांगा. आणि टूनीची फेब्रुवारीची फायनलही दाखवा. तिसऱ्या क्वार्टरपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याचाच रकाना बघा म्हणावं, ३४-० असताना तो प्रत्येक स्नॅपला कसा उभा राहतो ते.